प्रतिपिंड

थर्मोकोलचा डबा दुपारी आला,
आत बर्फाऐवजी नुसता ओलसर डाग.
अकरा दिवस कस्टमला पडून होता म्हणे.
जिग्नाबेन म्हणाली, गयुं, सत्तावीस हजार पाणीमां.
मी कुपी खिडकीशी धरली. तळाशी दोन थेंब,
कोण्या परमुलखातल्या सशाच्या रक्तातून उपसलेले.

त्या सशाला एक आकार दाखवला होता,
त्याच्या रक्ताने तो पाठ केला.
आता ससा नाही. पाठांतर आहे.

मराठीत याला प्रतिपिंड म्हणतात.
नववीच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं
तेव्हा आम्ही मुली मागच्या बाकावर हसलो होतो.

मला शोधायचंय ते प्रथिन बोटांचं आहे.
नऊ बोटं. एकेका बोटात जस्ताचा एकच कण,
चारी बाजूंनी धरून ठेवलेला,
म्हणून बोट वळतं, डीएनएच्या खाचेत शिरतं,
अंधारात चाचपत जातं,
हवी ती ओळ लागली की दाबून धरतं
आणि वाढत सुटलेल्या पेशीला म्हणतं:
पुरे.

जस्त आमच्या घरात आधीपासून होतं.
अप्पा गोरव्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं
वितळलेल्या जस्तात बादल्या बुडवत.
नखं कायम राखाडी.
म्हणत, लोखंड गंजू नये म्हणून
जस्त आधी गंजतं, समजलं?
मला तेव्हा समजलं नव्हतं.
चहा ओतताना कप भरायच्या आत
त्यांचं बोट आडवं यायचं.

संध्याकाळी पडदा दुधात घातला.
किराण्याच्या दुकानातली दूध पावडर, पाच टक्के.
रिकाम्या जागा आधी दुधाने बुजवाव्या लागतात,
नाहीतर प्रतिपिंड कुठेही चिकटतं,
भुकेला कावळा दिसेल त्या शितावर बसतो तसं.
मग ते दोन थेंब, पातळ करून,
शीतघरात, चार अंशांवर, रात्रभर डुलत.

चांदोदला दहाव्याला कावळा शिवला नव्हता.
काका म्हणाले, हिचं लग्न लावून देऊ.
काकू म्हणाली, सोसायटीचं कर्ज फेडू.
समोर फांदीवर पाच कावळे होते. बघत होते.
मीही काहीतरी म्हटलं, मनात, ते इथे लिहीत नाही.
नर्मदेवर ऊन चढलं. होड्यावाले कंटाळले.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला,
स्वतःच्या हाताने शिववला,
आणि सगळे जेवायला बसले.

सकाळी धुऊन दुसरं प्रतिपिंड घातलं, शेळीचं,
सशाला ओळखणारं,
पाठीवर काजवा बांधलेलं.
अंधाऱ्या खोलीत पहिल्या रांगेत,
निरोगी पेशींच्या,
नेमक्या उंचीवर एक काळी रेघ उमटली.
म्हणजे अकरा दिवसांच्या उन्हातूनही
कावळा जिवंत होता.

सातवी रांग, नमुना एकवीस. कोरी.
कोण हा एकवीस, मला माहीत नाही.
वय त्रेसष्ट, पुरुष, आतड्याचा तुकडा, एवढंच चिठ्ठीवर.
खालची ॲक्टिनची रेघ मात्र सगळीकडे सारखी,
म्हणजे हात माझा चुकलेला नाही,
वाढलं होतं सगळ्यांना सारखंच.

जिग्नाबेन म्हणाली, अजून दहा मिनिटं ठेव ना,
काहीतरी दिसेलच.
दिसलं असतं. दहा मिनिटांत
दुधाचा धुरळाही रेघ होऊन दिसतो.
दर्भाचा कावळा मला करता येतो,
सगळ्यांनाच येतो इथे.
मी वहीत लिहिलं: एकवीस, नाही.
आणि कंसात प्रश्नचिन्ह,
कारण पिंडच नव्हता
की होता आणि त्याचं रूप इतकं बदललं
की ओळख पटली नाही,
हे एका पडद्यावरून ठरत नाही.

मोरीत पांढरं पाणी ओतलं.

विश्वामित्रीच्या पुलाअलीकडे गाडीवर थांबले.
शेवउसळवाला कोणाशी तरी बोलत
तर्री ओतत राहिला.
मी बोटं आडवी धरली, बस, बस म्हटलं.
तोवर ताटली भरून
अंगठ्यावरून ओघळ मनगटापर्यंत आला होता,
गरम.